उर्वरित पान पाचवर

तिला सगळे उतारेबाई म्हणायचे. तोंडावर आदराने आणि पाठीमागे वैतागाने. वर्तमानपत्राच्या कात्रण विभागात तीस वर्षं कात्री चालवून ती निवृत्त झाली आणि वर्षाच्या आत ते वर्तमानपत्रच बंद पडलं. इमारत विकली गेली, बांधीव अंक रद्दीत गेले आणि संकेतस्थळ एका सोमवारी सकाळी उघडेनासं झालं. ऑनलाइन ज्ञानकोशातल्या हजारो लेखांखाली त्या संकेतस्थळाचे दुवे होते. त्यांवर टिचकी मारली की कोरं पान. म्हणजे लेख सांगतो की अमुक घडलं आणि कशावरून म्हणून विचारलं तर बोट दाखवायला जागा नाही.

कात्रणांच्या फायली तेवढ्या उतारेबाईने वेळीच घरी आणल्या होत्या. एकशे बारा खोकी. पलंगाखाली, कपाटावर, मोरीवरच्या माळ्यावर, दाराच्या मागे. नवरा असता तर म्हणाला असता, एक तर ही खोकी राहतील नाहीतर मी. लग्नच केलं नव्हतं, त्यामुळे खोकी राहिली. रोज सकाळी चहा घेऊन ती संगणकापुढे बसायची, एकेक मेलेला दुवा निवडायची, त्याचं कात्रण शोधायची आणि लेखातलं विधान ज्या छापील वाक्यावर उभं आहे ते वाक्य जसंच्या तसं टंकून संदर्भात ठेवायची. तारीख, पान, रकाना. पदरचा एक शब्द नाही. असे चार हजारांवर उतारे तिने एकटीने चढवले होते. हे सगळं फुकट, बरं का. वर शिव्या.

शिव्या यायच्या कारण बाईची जीभ कात्रीपेक्षा धारदार. एखाद्या नव्या स्वयंसेवकाने उताऱ्याऐवजी सारांश लिहिला की संपलंच. ‘सारांश तुझ्या घरी सांग, इथे छापलंय ते दे.’ ‘डोळ्यांसमोर नाही तो संदर्भ नाही’ हे तिचं वाक्य मदतपानावर सगळ्यात वर लावलेलं होतं. ‘पडताळ्या’ या टोपणनावाने काम करणारा एक तरुण तिच्या हाताखाली रडतकुढत तयार झाला आणि पुढे तिच्याहून कडक निघाला. प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, पण तिला तो पोटच्या पोरासारखा वाटायचा.

कात्रण विभागाची एक रीत होती. पहिल्या पानावरची मोठी बातमी बहुधा तिथे संपत नाही. खाली बारीक अक्षरांत ‘उर्वरित पान पाचवर’ असं येतं. तो उरलेला तुकडा शोधून, कापून, खाली चिकटवला की मगच कोपऱ्यात लाल पेनाने ‘पूर्ण’ लिहून सही करायची. तोवर कात्रण ‘अपुरी’च्या ट्रेमध्ये पडून राहायचं. ज्ञानकोशातही उताऱ्याच्या शेवटी ती ‘कात्रण पूर्ण’ असं लिहायची आणि तिचं ‘पूर्ण’ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे मानायचे.

मागच्या वर्षी तिच्यापुढे बर्फाच्या कारखान्यातल्या अमोनियागळतीचा लेख आला. चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भर दुपारी गळती झाली, सात कामगार गेले. लेखात एक वाक्य होतं: कॉम्प्रेसरचा ऑपरेटर जागा सोडून गेल्याने झडप वेळेत बंद झाली नाही. पुढे त्या ऑपरेटरचं नाव, आडनावासकट. दुवा मेलेला. वर सूचना लागलेली की आठ दिवसांत आधार मिळाला नाही तर हे वाक्य काढून टाकावं.

तो ऑपरेटर म्हणजे उतारेबाईच्या ताईचा नवरा.

नुसतं गप्प बसायचं होतं. आठ दिवस खोकं उघडायचं नव्हतं. वाक्य आपोआप गेलं असतं आणि कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण बाईचं डोकं उलट्या दिशेने चालायचं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं करणाऱ्यांची तिने आयुष्यभर खिल्ली उडवली होती. उद्या कोणी म्हणायला नको की नातं निघालं तिथे बाईची कात्री बोथट झाली. तिने एकेचाळीस नंबरचं खोकं काढलं, ते वाक्य शब्दशः टंकलं, तारीख टाकली, पान एक, रकाना दोन, कात्रण पूर्ण. एकही अक्षर इकडचं तिकडे झालं नाही याचा तिला अभिमान वाटला. मूर्ख बाई! आठ दिवसांत मरणाऱ्या वाक्याला तिने स्वतःच्या हाताने पाणी पाजलं.

ताईची मुलगी शाळेत शिक्षिका होती. आपल्या परिसरातली एखादी जुनी घटना, असा प्रकल्प तिच्याच वर्गाला मिळाला. एका मुलीने ज्ञानकोशातून छापून आणलेला कागद भर वर्गात वाचला आणि आडनाव ओळखून निरागसपणे विचारलं, “बाई, हे तुमचे कोण?”

त्या संध्याकाळी ताई आली. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढून आली म्हणजे साधं काम नव्हतं. पाणीसुद्धा न पिता तिने छापलेला कागद पुढे धरला.

“हे तू लिहिलंस?”

“मी लिहिलं नाही. वाक्य आधीच होतं. मी उतारा दिला.”

“म्हणजे काय केलंस?”

“म्हणजे... ते छापून आलं होतं याचा पुरावा दिला.”

“वा!” ताई म्हणाली. “त्यांच्या बायकोला विचारलं असतंस तर तिनेही सांगितलं असतं की छापून आलं होतं. आम्हाला ते कोणी विसरू दिलंय का? आणि पुढचं? पाचव्या पानावरचं?”

“फाईल पूर्ण आहे ताई.”

“काढ बघू.”

काढली. पिवळ्या कागदावर ते कात्रण. खाली बारीक अक्षरांत ‘उर्वरित पान पाचवर’. त्याखाली रिकामा कागद. आणि कोपऱ्यात लाल शाईत ‘पूर्ण’. सही तिचीच.

ताईने त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “ते तुझ्या ऑफिसात आले होते. पान पाच घेऊन. आठवतं?”

“नाही आठवत.”

खोटं. चांगलं आठवत होतं. नोकरी लागून तिसरा महिना होता तिचा. पहिल्या पानाची बातमी तिनेच कापली होती, पण पाचवं पान उलटून आपल्याच माणसाबद्दल आणखी वाचायचा धीर झाला नाही. कात्रण ‘अपुरी’च्या ट्रेमध्ये टाकलं, उरलेला अंक रद्दीत सारला. आठ दिवसांनी भाऊजी दारात उभे. दाढी वाढलेली, हातात घडी घातलेलं पान. हळूच म्हणाले, “एवढं तुझ्या फायलीत लाव. त्यात खरं आहे. मॅनेजरनेच मला गाडी भरायला पाठवलं होतं, तसं कामगारांनी सांगितलंय, हजेरीच्या वहीत नोंद आहे. मालकांचं म्हणणं ते पहिल्या पानावर आणि आमचं ते पाचव्या.” पलीकडच्या टेबलावरून साहेबांनी कुजबुजत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, “हाच का तो?” उतारेबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती मान वर न करता म्हणाली, “बाहेरून आणलेली कात्रणं आम्ही लावत नाही. आणि फाईल पूर्ण आहे.” भाऊजी पान घेऊन निघाले. ते जिना उतरत असतानाच तिने ट्रेमधून ते कात्रण काढलं आणि आपलं बोलणं खरं करायला लाल पेनाने ‘पूर्ण’ लिहून टाकलं.

“ते पान कुठे आहे ग?” उतारेबाईने विचारलं.

“खिशात घेऊन फिरायचे. भेटेल त्याला सांगायचे, पुढचं वाचा, पुढचं वाचा. वर्षभरात घड्यांवर फाटून त्याचा भुगा झाला. माणूस त्यानंतर दहा वर्षं जगला.” ताई उठली. “मला काही नको तुझ्याकडून. ते वाक्य तेवढं काढ. पोरीला वर्गात जाववत नाहीये.”

दुसऱ्या दिवसापासून उतारेबाई पान पाच शोधायला निघाली. बैल गेला आणि झोपा केला. सार्वजनिक ग्रंथालयात गेली. ग्रंथपाल बाई सौजन्याने म्हणाल्या, “जुने अंक आम्ही काढून टाकले ना. सगळं त्यांच्या साइटवर होतंच.” वर्तमानपत्राचं संकेतस्थळ सांभाळणाऱ्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, “मॅडम, जुन्या अंकांची फक्त पहिली पानं चढवली होती. आतलं कोण बघतं?” कामगार संघटनेच्या कार्यालयाच्या जागी आता व्यायामशाळा होती. त्या सात जणांपैकी एकाच्या मुलापर्यंत ती पोचली. त्याने दार अर्धंच उघडलं. “तुम्ही त्या ऑपरेटरच्या नात्यातल्या ना?” म्हणाला आणि लावून घेतलं. त्याचंही काय चुकलं? त्यानेही पहिलंच पान वाचलेलं होतं.

शेवटी तिने ते वाक्य काढलं आणि कारण लिहिलं: बातमीचा उरलेला भाग पान पाचवर होता, त्यात याच्या उलट माहिती होती. वीस मिनिटांत वाक्य जागेवर आलं. परत आणणारा पडताळ्या. चर्चापानावर त्याने अगदी नम्रपणे लिहिलं होतं:

‘बाई, पान पाच तुमच्यापुढे आहे का? नसेल तर तुम्हीच शिकवलंय, डोळ्यांसमोर नाही तो संदर्भ नाही. शिवाय तुमच्याच शेऱ्यानुसार कात्रण पूर्ण आहे. आणि माफ करा, पण हे तुमचे नातेवाईक आहेत असं कळतं. या लेखाला तुम्ही हात न लावणं बरं.’

उतारेबाईला राग यायला हवा होता. आला नाही. तिने ते तीनदा वाचलं आणि त्यात खोट काढायला जागा सापडेना. असं चोख काम तिनेच शिकवलं होतं. सारांश लिहिला म्हणून ज्या पोरांना तिने सोलून काढलं होतं, ती सगळी आठवली.

आता एकच रस्ता उरला होता आणि तो तिला पहिल्या दिवसापासून दिसत होता. तो टाळायला तर ती ग्रंथालयं झिजवत होती. ‘पूर्ण’ खोटं आहे, एवढंच सांगायचं. पण ज्या बाईचं एक ‘पूर्ण’ खोटं, तिची बाकीची चार हजार कशावरून खरी? तो प्रश्न कोणीतरी विचारणारच. दुसऱ्या कोणाचं हे प्रकरण असतं तर तिने स्वतःच विचारला असता, तोही चारचौघांत.

तीन दिवस तिने संगणक उघडला नाही. चौथ्या दिवशी भाचीचा फोन आला. “मावशी, मी बदलीचा अर्ज दिलाय. आईला सांगू नकोस.” बास. फोन ठेवून उतारेबाई बसली आणि लिहिलं:

‘या कात्रणावरचा पूर्ण हा शेरा खोटा आहे. तो मी मारला. उरलेला भाग ज्यांच्याबद्दल होता ते स्वतः तो माझ्याकडे घेऊन आले होते. मला त्यांची लाज वाटली. मी तो लावला नाही.’

सही केली. लाल पेन नव्हतं, एवढंच.

मग जे व्हायचं ते झालं. चार दिवस चर्चा चालली. जी माणसं एरवी शुद्धलेखनावरून एकमेकांचे गळे धरायची, ती या बाबतीत एकमताने बोलली. उतारेबाईचा उतारा त्या लेखातून काढला गेला. आणि तिच्या प्रत्येक उताऱ्यापुढे, चार हजारांच्या चार हजार, एक करडी पट्टी लागली: ‘हा उतारा अविश्वसनीय असू शकतो.’ पट्टी लावणारा प्रोग्राम पडताळ्यानेच लिहिला. लावण्याआधी त्याने तिला निरोप पाठवला, ‘बाई, वाईट वाटतंय.’ वाटत असेलही. बाईने उत्तर दिलं, ‘काम बरोबर आहे.’

ती उठली, चहा केला आणि तो लेख पुन्हा उघडला. ज्यासाठी हे सगळं केलं ते तरी बघावं.

वाक्य जागेवर होतं. नावासकट, आडनावासकट.

खाली नवा संदर्भ होता. कुठल्याशा बातम्यांच्या संकेतस्थळावर दोन महिन्यांपूर्वी ‘विसरलेल्या दुर्घटना’ नावाचं सदर आलं होतं. लिहिणाऱ्याने ज्ञानकोश उघडून तिचा उतारा अक्षरन् अक्षर उचलला होता, तारखेसह, पान आणि रकान्यासह, ‘कात्रण पूर्ण’ एवढे दोन शब्द सोडून. आता तो दुवा जिवंत होता. टिचकी मारली की उघडत होता. त्याच्यापुढे कसलीही पट्टी नव्हती. उतारेबाईने त्या संकेतस्थळाच्या कार्यालयाला तीन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही.

रविवारी ताईचा फोन आला.

“काढलंस का ग ते?”

उतारेबाईने सगळं सांगितलं. ट्रेमधलं कात्रण, साहेब, लाल पेन, जिना उतरणारे भाऊजी. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, काही न गाळता. पट्ट्यांचं सांगितलं, नव्या संदर्भाचं सांगितलं.

“म्हणजे आता तुझं कोणी खरं धरत नाही,” ताई म्हणाली.

“नाही.”

“मग आता तू फीर,” ताई म्हणाली. “पुढचं वाचा, पुढचं वाचा म्हणून सांगत.”

आणि तिने फोन ठेवला.