सिद्धाप्पा सरांनी बंद केलेली मोटर

अपघात विभागातून डॉक्टरांना फोन करताना मी लांबण लावत नाही. रक्त नुसतं पाझरतंय की ठोक्यागणिक उडतंय, ते एका इंग्रजी शब्दात सांगते. ‘स्पर्ट’ म्हटलं की सोलापुरातले मोठे डॉक्टरसुद्धा हातातला चहा ठेवून धावत येतात. हा शब्द मला नर्सिंग कॉलेजात नाही, केळीच्या रानात मिळाला. तो देणाऱ्या माणसाचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत, आणि ते फिटावेत अशी माझी इच्छाही नाही.

सिद्धाप्पा सर सांगोल्याकडचे, मेंढपाळाच्या घरातले. उजनीच्या काठावरल्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले, तेव्हा गावाला वाटलं, मास्तरांना काहीतरी बाधा झाली आहे. उघडा नळ दिसला की सर पळत जाऊन तो बंद करायचे. आमच्या पेल्यांत उरलेलं घोटभर पाणी गोळा करून कडुलिंबाला घालायचे. त्यांच्या खोलीत भांडं म्हणून रिकामं नसायचं, वाटीसुद्धा पाण्यानं भरलेली. धरण भरलं की पाणी शाळेच्या कुंपणाला लागायचं, आणि हा माणूस वाट्या भरून ठेवायचा. आम्ही पोरं मागून पोट धरून हसायचो.

पण शिकवायचे मात्र जीव ओतून. रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात जादा तास घ्यायचे, तोही फुकट. मी तेव्हा आठवीत होते आणि मला नर्स व्हायचं होतं. मामेबहीण दानेश्वरीला मोहोळच्या दवाखान्यात पांढऱ्या कपड्यांत पाहिल्यापासून ते डोक्यात बसलं होतं. इंग्रजीच्या नावानं मात्र नुसती बोंब होती. तो रविवारचा तास चुकला असता तर माझं काही खरं नव्हतं.

आणि नेमकी सरांनी आमचीच मोटर बंद केली.

एप्रिल महिना होता. नवी लावलेली केळी उन्हानं माना टाकत होती आणि वीज ठरलेल्या वेळीच यायची. माझे वडील, धोंडीराम, सकाळपासून दारं धरत होते, म्हणजे खोऱ्यानं माती ओढून एका सरीतलं पाणी दुसरीत वळवत होते. वरचं रान भिजल्यावर त्यांनी पाणी गाडीवाट ओलांडून खालच्या तुकड्यात सोडलं आणि भाकरी खायला घरी आले. तेवढ्यात सर शाळेला निघालेले. वाटेवरून पाणी वाहत चाललंय आणि आसपास चिटपाखरू नाही, हे बघून त्यांच्या जिवाची घालमेल झाली. पाण्याच्या काठाला असलेल्या मोटरीच्या पेटीपर्यंत जाऊन त्यांनी लाल बटण दाबलं, आणि मोठं पुण्य केल्यासारखे शाळेत येऊन हजेरी घेऊ लागले.

वडील परतले तर पाट कोरडा. मोटर चालू करायला गेले तोवर वीज गेलेली. खालच्या तुकड्यातली रोपं करपली ती करपलीच. हे कुणी केलं ते शोधावं लागलं नाही, कारण सरांनी स्वतःच वर्गात अभिमानानं सांगितलं होतं. वडील मला म्हणाले, “ज्याला पानी कशाला सोडत्यात त्ये कळत न्हाय, त्यो तुला काय शिकवनार? रविवारचं जायाचं न्हाय.” आई, गोजरबाई, मध्ये पडली तर तिलाही दोन शब्द ऐकावे लागले. मी गोठ्यात जाऊन रडले.

त्या रविवारी मी दिसले नाही म्हणून सरांनी पोरांकडं चौकशी केली आणि तास आटोपून तडक आमच्या रानात आले. वडील विजेची वाट बघत बसले होते, मी त्यांची भाकरी घेऊन गेले होते. सरांनी चपला बांधावरच काढल्या.

“आण्णा, चुकलो,” ते म्हणाले. “आमच्याकडं वाहतं पाणी दिसलं म्हंजी टँकरचा पाईप सुटला असंच समजायचं. माझी आई हातानं त्याचं तोंड दाबून धरायची. तुमच्या रानात माझा हात तसाच गेला.”

वडील लगेच विरघळणारे नव्हते. त्यांनी खोरं पुढं केलं. “मग आज दारं तुमी धरा. पार वीज जाईस्तवर. पानी कुटं चाललंय त्ये बघा.”

सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. वीज आली, वडिलांनी मोटर चालू केली. आधी पाण्याऐवजी हवाच आली आणि पाईप फुरफुरायला लागला. सरांना काही राहवेना. मला जवळ बोलावून म्हणाले, ऐक, याला स्प्लटर म्हणायचं. मग थांबून थांबून पिचकाऱ्या उडाल्या, सरांचा सदरा भिजला, तरी तोंड चालूच. हे स्पर्ट. आणि मग पाईपभर पाणी भसकन बाहेर पडलं तशी सरांची बोलती बंद झाली. ‘गश’ हा शब्द त्यांनी बऱ्याच वेळानं सांगितला. म्हणाले, इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलो, पण हाताच्या अंतरावर आजच पाहतोय. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या भरलेल्या वाट्यांना आम्ही हसत होतो, याची मला तेव्हा लाज वाटली.

वीज जाईपर्यंत त्यांनी दारं धरली. माती कशी ओढायची हे वडील लांबून ओरडून सांगत होते, आणि सर पोरासारखं ऐकत होते. हाताला फोड आले. शेवटी मोटर थांबली, पाईपातून बारीक धार लागली, आणि सर दमल्या आवाजात म्हणाले, ट्रिकल. वडिलांनी खोरं घेतलं. रविवारच्या तासाचा निकाल मात्र अजून लागला नव्हता.

घरी येताना वडील पुढं काहीतरी पुटपुटत चालले होते. दाराशी थांबले.

“आदी नुसता फुरफुरतोय पाईप, त्येला मास्तर काय म्हनले गं?”

मला तो शब्द चांगला पाठ होता. तरी म्हटलं, विसरले.

वडिलांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग खोरं भिंतीला टेकवत म्हणाले, “तुजं हे असं हाय. एका रविवारात काय ध्यानात ऱ्हायचं न्हाय. दर रविवारी जा.”