मावशीच्या पाटाचा हलफनामा

मावसा वारले तेव्हा मी वाशिमच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गाव केनवडच्या बाजूला. तेव्हा जिल्हा अकोला होता आणि वाशिम नुसतं तालुक्याचं ठिकाण. तहसिलीचं काही काम निघालं की गावातली माणसं आधी माझ्या खोलीवर येत. मला त्यातलं फार कळत होतं असं नाही. पण हा पोरगा शिकतो, याला कळत असेल, असं त्यांनी धरून चाललेलं असे, आणि मला ते खोडून काढता येत नसे.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. लहान वयात तिचं लग्न झालं आणि थोड्याच काळात नवरा गेला. ती आमच्याकडे येऊन राहिली. मी पाच-सहा वर्षांचा असताना आमच्याच गावातल्या एका विधुर माणसाशी तिचा पाट लागला. विधवा बाईच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणतात. त्यानंतर ती दोघं सुखाने राहिली. मूलबाळ झालं नाही. मावसा गेले तेव्हा मागे राहिलं एक शेत आणि दोन खोल्यांचं घर. त्याच अंगणात पलीकडे मावशाच्या मरण पावलेल्या भावाची बायको, म्हणजे मावशीची जाऊ, आणि तिचा मुलगा राहत.

तेरवी झाल्यावर पटवारी वारसाची नोंद घ्यायला आला. जावेच्या मुलाने हरकत घेतली. तो म्हणाला, "माह्या काकानं ते बाई ठेवली होती. लगन कोनं पाह्यलं? वारस मी आहो."

ही गोष्ट गावभर झाली. मावशी दोन दिवस घराबाहेर निघाली नाही. शेत जाईल याची धास्ती होतीच. पण त्या एका शब्दाने ती जास्त खचली, असं मला वाटतं. इतकी वर्षं ज्या कुंकवावर ती गावात वावरली ते कुंकूच त्याने पुसून टाकलं होतं.

प्रकरण तहसिलीत गेलं. आम्ही वाशिमला एक वकील धरला. वकीलसाहेब म्हणाले, "लग्नाला हजर असलेल्या माणसांचे हलफनामे आणा. शपथेवर सांगायचं, मी समक्ष पाहिलं. तीन-चार असले तर बरं."

इथेच आमची कोंडी झाली. आमच्या गावात पाट दिवेलागणीनंतर लागे, आणि तो कोणी पाहायचा नसे. सवाष्णींनी तर त्या जोडप्याचं तोंड दुसऱ्या दिवशीपर्यंत बघायचं नाही. ज्याची बायको जिवंत आहे तो पुरुषही तिकडे फिरकत नसे. एखादी म्हातारी विधवा कुंकू लावी, एखादा विधुर नारळ फोडी, आणि झालं. मावशीच्या पाटाला अशी तीन माणसं होती. त्यातली दोन कधीच गेली होती. तिसरी म्हातारी अंथरुणाला खिळलेली. ती आपल्या लेकालाही ओळखत नव्हती.

म्हणजे पाट लागला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि पाहिलेलं कोणी नव्हतं.

बाबांना यात काही अडचण दिसत नव्हती. पुढच्या शनिवारी मी गावी गेलो तर त्यांनी माणसं ठरवूनही टाकली होती. आई, शेजारची काकू आणि मी.

"मी?" मी म्हणालो. "बाबा, मी तेव्हा केवढा होतो."

"केवढा का असेना. होता ना घरात? तुही सही इंग्रजीत होते. अंगठ्यापेक्षा तिले वजन राह्यते."

"पण मी पाहिलं नाही."

"कोनच नाही पाह्यलं. म्हून काय झालं नाही का ते? गावाले माहीत आहे, तुले माहीत आहे. आनखी काय पाह्यजे?"

त्याआधी एकदा मी हलफनामा पाहिला होता. माझ्या फीमाफीसाठी बाबांना उत्पन्नाबद्दल शपथेवर लिहून द्यावं लागलं होतं आणि मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला होता. त्याच्या शेवटी एक ओळ होती: वरील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरा आहे. त्या वेळी ती ओळ मला नुसती सजावट वाटली होती. आता ती आठवली. व्यक्तिगत माहिती म्हणजे काय? आई माझी आई आहे हे मला कोणीतरी सांगितलंच होतं. मग ती माहिती माझी की सांगणाऱ्याची? बाबा म्हणत होते ते चूक होतं का, हेही मला धड कळत नव्हतं.

सोमवारी मी तास बुडवून वकीलसाहेबांकडे गेलो. ते जेवणाचा डबा उघडून बसले होते. मी दाराशी उभा राहून विचारलं, "साहेब, एखादी गोष्ट खरी आहे, पण आपण पाहिलेली नाही, तर शपथेवर सांगता येते का?"

"कोणती गोष्ट?"

मी सांगितली. त्यांनी माझ्याकडे जरा वैतागून पाहिलं.

"हे बघ. तू पाहिलंस ते पाहिलं म्हणून लिहायचं. ऐकलंस ते ऐकलं म्हणून लिहायचं, आणि कोणाकडून ऐकलंस तेही लिहायचं. ही दोन्ही खरीच असतात. पण ऐकलेलं पाहिलेलं म्हणून लिहिलंस, तर गोष्ट खरी असली तरी शपथ खोटी. समजलं?"

"हो. पण मग ऐकलेल्याचं वजन..."

"कमी. फारच कमी." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तुम्ही मला साक्षीदार आणून द्या, मी भांडतो. कोण काय बोलणार ते तुमचं तुम्ही ठरवा. मी गावात नव्हतो."

मी बाहेर आलो. खरं लिहावं तर मावशीची बाजू दुबळी होणार होती आणि बाबा म्हणतात तसं लिहावं तर मी शपथेवर खोटं बोलणार होतो. तिसरी वाट दिसत नव्हती. दोन दिवस वर्गात प्राध्यापक काय बोलले ते मला आठवत नाही.

तोवर वकिलाच्या मुन्शीने बाबांच्या सांगण्यावरून तिन्ही मसुदे टाइप करून ठेवले होते. 'मी सदर विवाहसमयी हजर होतो व सर्व विधी माझ्या डोळ्यांनी पाहिला.' काकू आणि आईच्या कागदात 'होतो'च्या जागी 'होते', एवढाच फरक. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कागद वाचून, समजावून द्यावा लागतो, म्हणून मुन्शीने ते मसुदे माझ्याच हाती दिले. "तुमीच वाचून दाखवा घरी. शिकेल आहा."

गावी सगळे आमच्या ओसरीवर बसले. मावशी कोपऱ्यात होती. आईचा कागद मी आधी घेतला. मी तो सावकाश वाचला. 'सर्व विधी माझ्या डोळ्यांनी पाहिला' इथे आलो तेव्हा मावशी म्हणाली, "थांब बापू. काय म्हन्ते ते?"

मी पुन्हा वाचलं.

"ताईनं पाह्यला म्हन्ते?"

"म्हनाव लागते व," आई म्हणाली. "तुह्यासाठी म्हनून राह्यली मी."

"नोको म्हनू."

बाबा मध्ये पडले. "वावर पाह्यजे का नोको तुले?"

"पाह्यजे," मावशी म्हणाली. "पन सवाशीन बाईनं माहं तोंड पाह्यलं असं कागदावर येऊ देऊ नोका. लोकं काय म्हन्तीन? यायच्या घरात पाटाचा नेम मोडला, म्हून लेकरू झालं नाही, म्हून हेबी गेले. ताईवर येईन ते. माह्यावर येईन."

"लोकं!" बाबा म्हणाले. "लोकं तर तुले ठेवेल म्हनून राह्यले."

काकू उठून पाणी प्यायला गेली आणि तिकडेच थांबली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू सांग तिले. शिकोलं कायले मंग तुले?"

मला वाटलं, उठून सरळ सडकेला लागावं. मी म्हणालो, "बाबा, हे असं लिहून नाही देता येत मला." एवढं बोलायला मला फार वेळ लागला. बाबांनी तोंड फिरवलं. त्यांनी गावात सांगून ठेवलं होतं की पोरगा बयान देईल, आणि पोरगा ऐन वेळी माघार घेत होता.

मग आई चिडली. ती माझ्यावर चिडली, बाबांवर चिडली, मावशीवर पण.

"मंग मी काय लिहून देऊ? खरं लिहू? खरं हे आहे का त्या सांजेले हा पोट्टा रडून राह्यला होता आन मी याले मांडीवर घेऊन भितीकडे तोंड करून बसली होती. हे काकूबी माह्या बाजूले. अख्ख्या गल्लीतल्या बाया आपापल्या घरी तशाच बसल्या होत्या. इची जाऊबी. ठेवेल बाईसाठी कोनी भितीकडे तोंड करून बसते का?"

तिने हे रागात म्हटलं होतं आणि लगेच ती चुलीकडे गेली. मी हातातल्या कागदाकडे पाहत राहिलो. जरा वेळाने मी तिच्यामागे गेलो आणि विचारलं, "हे तू शपथेवर सांगशील? भिंतीकडे तोंड होतं, हे?"

"त्यात शपथ कायची? तसंच होतं ते."

मी मसुदा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसलो. आई स्वयंपाक करता करता सांगत गेली. कोणत्या घरात, कोणाच्या सांगण्यावरून, तोंड कधी फिरवलं, नारळ फोडल्याचा आवाज कोणत्या बाजूने आला, सकाळी नवं लुगडं नेसलेल्या बहिणीला तिने पहिल्यांदा कधी पाहिलं. काकू परत आली आणि तिनेही आपलं सांगितलं. मावशी ऐकत होती. तिने काही अडवलं नाही. माझ्या कागदात मी एवढंच लिहिलं की मी लहान होतो, त्या संध्याकाळचं मला काही आठवत नाही; पण त्यानंतर आईच्या सांगण्यावरून मी त्यांना मावसा म्हणू लागलो आणि ते जाईपर्यंत तेच म्हणत आलो.

बाबांनी ते ऐकून घेतलं. "येवढ्यानं काय होते," ते म्हणाले, आणि बैलांना पाणी पाजायला गेले.

वकीलसाहेबांनी कागद दोनदा वाचले. "अजब आहे," म्हणाले. "न पाहिल्याचा हलफनामा मी आजवर कधी घातला नाही." पण त्यांनी मुन्शीला ते टाइप करायला सांगितलं.

तारखेला आम्ही सगळे तहसिलीत गेलो. पलीकडची मंडळीही त्याच बसने आली होती. नायब तहसीलदारांनी आईला शपथ दिली आणि कागद वाचून विचारलं, "बाई, यात तुम्ही काय पाहिलं म्हणता?"

"भित," आई म्हणाली.

कारकून हसला. साहेब हसले नाहीत. "आणि भिंतीकडे का पाहत होत्या?"

"बहिनीचा पाट लागून राह्यला होता म्हून."

साहेबांनी ते लिहून घेतलं. पलीकडच्या बाजूने जावेचा हलफनामा यायचा होता की पाट लागलाच नाही. कागद तयार होता, फक्त अंगठा राहिला होता. आमच्या वकिलाने उठून साहेबांना विनंती केली की त्या बाईंना एकच विचारावं. साहेबांनी विचारलं, "त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

"घरी."

"तोंड कुणीकडे होतं?"

जाऊ डोक्यावरचा पदर ओढत राहिली. तिचा मुलगा हळूच म्हणाला, "सांग ना माय, तू पाहून राह्यली होती आन काईच झालं नाही."

मी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो. पाहत होते म्हणावं, तर नवरा जिवंत असताना तिने नेम मोडला असं होणार, आणि तो नवरा पुढे तरणाच गेला होता. पाहत नव्हते म्हणावं तर पाट लागला हे कबूल. आठवडाभर मी ज्यात सापडलो होतो त्यापेक्षा तिचं अवघड होतं, आणि ते आमच्या कागदांनी केलं होतं. जिंकतोय असं मला त्या क्षणी वाटलं नाही.

"मी अंगठा नाही देत," जाऊ म्हणाली. तिने शाईच्या पॅडापासून हात मागे घेतला. मुलगा तिच्या कानाशी बराच वेळ बोलत होता. तिने मान हलवली नाही.

हुकूम यायला काही महिने लागले. शेताच्या फेरफारात, म्हणजे वारसाच्या नोंदीत, मावशीचं नाव पत्नी म्हणून लागलं. पुतण्या अकोल्याला अपिलात जाणार असं ऐकू येत होतं, पण तो गेला नाही. हुकमाची नक्कल घेऊन मी गावी गेलो आणि मावशीला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकलं.

"त्याच्यात ठेवेल असं कुठी आहे का?"

"हरकतीत त्याने म्हटलंय, तेवढं आहे. पुढे ते नामंजूर लिहिलंय."

ती म्हणाली, "जा, जाऊबाईलेबी वाचून दाखव. तिच्या घरी कोनाले वाचता येत नाही, आन तिचंबी नाव आहे ना त्याच्यात."

"मावशी, तिथे तो असेल."

"असू दे. वाचून दाखव."

मी अंगण ओलांडून गेलो. पुतण्या दारातच उभा होता. तो बाजूला झाला नाही आणि काही बोललाही नाही. आत जाऊ सुपात तूर पाखडत होती. तिने सूप थांबवलं आणि माझ्याकडे तोंड केलं. मला आत जाता येईना आणि परतताही येईना. मी दारात त्याच्याजवळ उभा राहून कागद उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागलो.