देवमाशाची उदबत्ती

गाडीतून उतरलो तेव्हा समोर समुद्र होता. आम्ही रेणापूरची माणसं. रेणा नदीला पूर आला की आमच्या लेखी तोच समुद्र. पुतण्या सुमेध जपानात नोकरीला आहे, त्यानं बोलावलं. निघताना गावच्या विहारात मी सांगून आलो होतो, "बुद्धाच्या देशातून बौद्धांच्या देशात चाललोय, चार गोष्टी शिकवून येतो." निवृत्त मास्तराची खोड, दुसरं काय!

आम्ही उतरलो ते गाव पिढ्यान्‌पिढ्या देवमासे मारणारं. बंदरावर गोऱ्या लोकांचा जथा फलक घेऊन उभा होता. त्यांच्या 'खुनी, खुनी' अशा घोषणा चालल्या होत्या आणि गावकरी मान खाली घालून बाजूनं जात होते.

आमच्या मिन्शुकूची (घरगुती लॉज) मालकीण तोमोको आजी. तिचा नवरा देवमासे मारणाऱ्या बोटीवर होता, आता तो हयात नाही. दुपारी तिनं आल्यात मुरवून तळलेले काळपट तुकडे वाढले.

"काका, देवमासा हाय बरं का. नको असंल तर सांगा," सुमेध म्हणाला.

"इथवर येऊन नको कसं म्हनू? चव बघतो."

चव बघता बघता ताट रिकामं झालं. पुन्हा मागून घेतलं. आजी हरखली, मग हळू आवाजात काही बोलली.

सुमेधनं सांगितलं, "उद्या देवळात देवमाशांची कुयो (मृतांसाठी प्रार्थना) हाय. ज्यानं खाल्लं त्यानं पुढं येऊन उदबत्ती लावायची. आजी म्हनतेय, जग आमाला पापी म्हनतंय. बुद्धाच्या देशातला मानूस संगं उभा राहिला तर गावाला धीर यील."

"येतो म्हनून सांग तिला!" मी छाती फुगवून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवरच फलकवाल्यांतल्या एका मुलीनं गाठलं. वाईट नव्हती बिचारी. देवमाशांबद्दल बोलताना तिचे डोळे खरंच भरून आले. मी भारतातला, त्यात बौद्ध, हे कळल्यावर तिनं कॅमेरा समोर धरला. मी कॉलर नीट केली आणि शाळेतल्या इंग्रजीत अहिंसेवर पाच मिनिटं झोडलं.

"तुम्ही मांस खाता?" तिनं विचारलं.

"छे! कधीच नाही."

वास्तविक रविवारी रेणापुरात मटणाच्या दुकानापुढं रांगेत पहिला मी असतो. आमच्या ताटात डोकावून कुणी नाक मुरडलं तर सगळ्यात मोठ्यानं भांडणाराही मीच. सुमेधनं तोंड फिरवलं. आजी शेजारीच होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं, एवढाच दिलासा.

आत भिक्षूंनी मंत्र म्हटले. माणसं एकेक करून उदबत्ती लावायला उठू लागली. कॅमेरा दारात होता. आजीनं मला हातानं खूण केली, पण मला उठवेना. उठलो तर खोटा पडणार! म्हणून पायाला मुंग्या आल्याचं सोंग घेऊन मी गुडघा चोळत बसलो.

आजीनं माझ्या गुडघ्याकडं बघितलं. मग एकटीच पुढं गेली आणि तिनं दोन उदबत्त्या लावल्या. एक स्वतःची, एक माझी. परत येऊन तिनं आपली बसायची गादी माझ्या गुडघ्याखाली सरकवली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी तोंडातून खरं निघालं नाही ते नाहीच.

रेणापुरात परतलो तर सुमेधचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ, अंगणात चार लोकांना घेऊन वाटच बघत होते.

"काय रं, मारनारे बरोबर का आडवनारे? तू कुनाच्या बाजूनं व्हतास?"

"जिकडं कॅमेरा व्हता, तिकडं," मी म्हणालो.