शिळं लोखंड

लोखंडही शिळं होतं, हे मला तांडेलांनी शिकवलं. बोईसरच्या एमआयडीसीत आमचं मेटल स्प्रेचं लहानसं शॉप होतं. झिजलेले शाफ्ट यायचे. आधी ब्लास्टिंगने, म्हणजे वाळूसारख्या कणांचा मारा करून, ते खरखरीत करायचे, मग वितळलेल्या धातूचा फवारा मारून झीज भरून काढायची. फवाऱ्याची गन तांडेलांच्या हातात. किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या मच्छीमार घरातले, म्हणून सगळे त्यांना तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणत. प्रत्यक्षात त्यांना बोट लागायची.

ब्लास्टिंग झालेल्या जॉबला ते कुणाला उघडा हात लावू देत नसत. एकदा मालकांनीच बोट फिरवलं, तर तांडेलांनी तो जॉब तिथूनच परत ब्लास्टिंगला पाठवला. "खाऱ्या हवेत चार तासांत फवारा मारला नाय, तर जॉब शिळा झाला," असं ते म्हणायचे.

मी सांगलीहून नवाच सुपरवायझर म्हणून आलो होतो. एका पंपाचा शाफ्ट संध्याकाळी ब्लास्ट झाला आणि वीज गेली. सकाळी कंप्रेसर बिघडलेला; तो दुरुस्त होईपर्यंत दुपार झाली, आणि शाफ्ट न्यायला आलेली गाडी दारात उभी. तांडेल म्हणाले, "सायेब, ह्यो शिळा झाला. थर धरायचा नाय." मी म्हणालो, "मी सांगतोय ना, मारा." त्यांनी मारला.

आठवड्याभरात शाफ्ट परत आला. थर खवल्यांसारखा सुटला होता. मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, गनवर कोण होतं? मी म्हणालो, "तांडेल." ते खोटं नव्हतं, म्हणूनच सोपं गेलं. तांडेल माझ्याकडे बघत थांबले. मी आणखी काहीच बोललो नाही. मग त्यांनी मान खाली घातली.

त्यांना गनवरून काढून पॅकिंगला बसवलं. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. जाताना मला एवढंच म्हणाले, "तुमी नवीन होता सायेब, म्हणून बोललो नाय."

गेल्या वर्षी मनाचा हिय्या करून मुरब्याला गेलो. त्यांनी आग्रहाने जेवायला बसवलं. वाढता वाढता त्यांची बायको म्हणाली, "यांच्या हातून एकच जॉब बिगडला, सायेब. अजून मनाला लावून घेतात."

घरीसुद्धा त्यांनी चूक स्वतःचीच सांगितली होती. तांडेलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला.

मी कबुली द्यायला गेलो होतो. जेवून परत आलो.