खिडकीतलं बुवाकुक

माझा नवरा मुंबईत कामाला, आणि मी आमच्या अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन गावी, तुडीलला, सासूबाईंपाशी. बापलेकीची सगळी माया फोनवर. आमच्या घरात रेंज येते ती फक्त मागच्या खिडकीत, म्हणून रोज संध्याकाळी फोन खिडकीच्या गजांना टेकवायचा आणि लेकीला समोर स्टुलावर बसवायचं. की ह्यांचं बुवाकुक सुरू. तोंडावर टॉवेल ओढायचा, गप्प राहायचं, आणि मग एकदम "भो". पोरगी हसून हसून स्टुलावरून घसरायची. ह्यांच्या मुंबईच्या खोलीवरचे बाकीचे गडीही मध्ये डोकावायचे, पण हिला चालायचा तो बाबाच.

एवढं प्रेम, आणि माणूस घरी आला की सगळा घोटाळा. गेल्या खेपेला हिने ह्यांना पाहून असा टाहो फोडला की बिचारे सुट्टीभर ओटीवर पाहुण्यासारखे बसून होते. निघताना मला म्हणाले, "पुढच्या वेळी पण आली नाय ना माझ्याकडे, तर मी आपला फोनमध्येच बरा." हसत म्हणाले, पण मला ते जिव्हारी लागलं.

ह्या वेळी सुट्टी मिळाली तशी माझे पाय जमिनीवर ठरेनात. वीर स्टेशनला उतरलो, रिक्षा मिळाली, असा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या करत होते. तव्यावरची करपलीच. सासूबाई म्हणाल्या, "काय गो, लगीन हाय काय आज तुझं?" म्हणू देत. मी लेकीला नवा फ्रॉक घातला, पावडर लावली आणि दारात उभी राहिले.

रिक्षा थांबली. ह्यांनी पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हात पसरले. लेकीने एकदा पाहिलं, माझ्या पदरात तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं.

"बाबा हाय तो, रडतेस काय," सासूबाई म्हणाल्या. तर ही रडत रडत आत मागच्या खिडकीकडे बोट दाखवायला लागली. बाबा तिथे असतो, मग हा कोण?

तिचं तरी काय चुकलं? बाबा कुठंय म्हणून तिने विचारलं की आम्हीच रोज खिडकी दाखवायचो. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग.

"उभे काय राहिलात?" मी म्हटलं. "मागे खिडकीशी जा आणि रोजचं करा."

"रोजचं काय?"

"अहो, बुवाकुक. टॉवेल घ्या."

हे मुकाट परसात गेले. मी लेकीला स्टुलावर बसवलं. गजांमागून आधी टॉवेल वर आला. रडणं थांबलं. मग टॉवेल खाली सरकला आणि आवाज आला, "भो."

हसली हो पोरगी. खदखदून हसली. "बाबा, पुन्ना," म्हणाली. मग काय, पुन्हा आणि पुन्हा, ह्यांना दम लागेपर्यंत. मला तर नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात तिने गजातून हात घातला आणि ह्यांचं नाक पकडलं. फोनमधलं नाक कधी हाताला लागलं नव्हतं. तिचं हसू जागीच थांबलं. मला वाटलं, झालं, आता परत गंगा-जमुना.

ती स्टुलावरून उतरली आणि मागच्या दाराने परसात पळाली. मी मागोमाग. हे खिडकीशी तसेच वाकून उभे होते, हलायचीही भीती. लेक थोडी लांब थांबली. तिने ह्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, जवळ गेली, खाली बसली आणि ह्यांच्या अंगठ्यावर बोट टेकवून बघितलं.

"आई गो," ती मला म्हणाली, "बाबाला पाय हायत."

लेक उठली, कुणाला न विचारता त्या दोन पावलांवर आपली पावलं ठेवून उभी राहिली आणि हात वर केले. ह्यांनी ते घट्ट धरले, आणि दोघं परसभर चालत सुटली, चारातली दोनच पावलं जमिनीला लावत. सासूबाई आतून जेवायला हाका मारत होत्या. मी ओ दिलीच नाही.