सरनोबत सरांची परीक्षा

उचगावची संयोगिता चौगुले विद्यापीठाच्या सूक्ष्मदर्शक केंद्रात अकरा वर्षं तंत्रज्ञ आहे. वेगवेगळ्या विभागांतले संशोधक आपल्या पेशींच्या स्लाइड घेऊन येतात, आधी तास ठरवतात, आणि तिथलं सगळ्यांत मोठं सूक्ष्मदर्शक यंत्र संयोगिता त्यांना लावून देते.

चार वर्षांपूर्वी त्या यंत्राच्या भिंगाला चरा पडला. कुणीतरी ते खाली आणताना थेट काचेवर दाबलं होतं. केंद्राच्या समितीच्या बैठकीत, त्या यंत्रावर काम करणारे प्राध्यापक डॉ. राजवर्धन सरनोबत म्हणाले, "बाईंचं लक्षच नसतं." तेवढ्यावर तिची रवानगी भांडारात झाली. दोन वर्षं ती बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती.

कोण कधी बसलं, भिंग किती खाली आणलं, याची नोंद यंत्राच्या संगणकात राहते. त्या दुपारी नाव सरनोबतांचं होतं. नोंद बघा म्हणून तिनं समितीकडे तीनदा अर्ज केला. कुणी बघितली नाही.

नवरा, सयाजी, म्हणाला, "सोड की आता. नोकरी तर हाय."

"मी न्हाय सोडणार."

यंत्र चालवायला दुसरं कुणी मिळेना, तेव्हा तिला परत बोलावलं. आल्या आल्या तिनं नियम लिहिला: ज्याच्या हातून नुकसान झालं, मग ते जुनं का असेना, त्यानं पहिल्यापासून शिकून परीक्षा द्यायची, तोवर त्याच्या विद्यार्थ्यांचेही तास बंद. समितीनं न वाचता सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी तिनं नोंदीचा कागद पुढं ठेवला.

सरनोबत एम.एस्सी.च्या पोरांशेजारी शिकायला येऊन बसले. स्लाइडवर तेलाचा थेंब टाकायचा, भिंग हळूहळू खाली आणायचं, पेशीचं केंद्रक स्वच्छ दाखवायचं. त्यांनी भिंग घाईनं खाली आणलं, चित्र धूसर आलं.

"नापास, सर. पुढच्या मंगळवारी या."

तिसऱ्या मंगळवारी चित्र चांगलं आलं होतं. तिला ते दिसत होतं. तरी तिनं नापासच लिहिलं, आणि तिला बरं वाटलं.

त्यांची विद्यार्थिनी जोया रडत आली. "मॅडम, माझ्या पेशी मराया लागल्यात. माझं काय चुकलं?"

संयोगितानं यंत्राच्या देखभालीसाठी राखलेला आपला तास तिला दिला, शेजारी बसून सगळी चित्रं काढून दिली. सरांना मात्र सोडलं नाही.

चौथ्या मंगळवारी सरनोबत पोरांसमोर म्हणाले, "भिंग माझ्याच हातून गेलं. बाईंवर मी खोटं ढकललं. झालं?"

"न्हाय. समितीला लिहून द्या."

त्यांनी तिथंच लिहून दिलं. तिनं कागद दोनदा वाचला, मग त्यांना पास केलं.

त्यानंतर सर कधी केंद्रात आले नाहीत, विद्यार्थ्यांना पाठवतात. सयाजी म्हणतो, जिंकलीस की. तिला तसं वाटत नाही. अजून पाच-सहा मंगळवार तरी त्यांना यायला लावायला हवं होतं, असं तिला वाटतं.