कंदीलवाली म्हातारी

नव्या फ्लेक्सचा रॉकेलसारखा वास नाकात गेला की मला ती कंदीलवाली म्हातारी आठवते. घाटकोपरच्या आमच्या मंडळाने त्या गणपतीत कॅरम बंद करून मोबाईलवरच्या पत्त्यांची स्पर्धा ठेवली होती (प्रत्येकाचा आपला डेक, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांचा संच, आणि प्रत्येक पत्त्याचं काम वेगळं), आणि जिंकणाऱ्या टीमचा फोटो गल्लीच्या तोंडावर फ्लेक्सवर लागणार होता. आईने फोटोसाठी माझा शर्टपण इस्त्री करून ठेवलेला. फायनलला आमचा कॅप्टन म्हणाला, "तुझा डेक समोरच्या टीमला पाठ झालाय रे, आज माझे पत्ते घेऊन खेळ." मी म्हटलं, "झकास!" आता पत्त्यांवरचं सगळं इंग्रजीत, आणि आपली शाळा चौथीतच सुटलेली. माझा डेक मी चित्रांवरून ओळखायचो, हा म्हणजे परक्या लग्नातली पंगत. कुठला पत्ता काय करतो ते विचारायचं अगदी तोंडावर आलेलं, पण सगळे बघत होते, म्हणून एका पत्त्यावरच्या कंदीलवालीकडे बोट दाखवून "ही म्हातारी कोण रे, तुझी सासू?" असा जोक मारला. हसले सगळे. शेवटच्या डावात मी चक्क जिंकत होतो. वाटलं, कंदील आहे, बिचारी उजेड दाखवेल, म्हणून म्हातारी टाकली, तर तिने माझेच सगळे पत्ते जाळले. कॅप्टन ओरडला, "अरे, खाली लिहिलंय ना! वाचता येत नाय काय तुला?" मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला." परत सगळे हसले, कारण चष्मा मला कधी नव्हताच. कॅप्टन तेवढा हसला नाही. त्यानंतर टीममध्ये मला कोणी घेतलं नाही. फ्लेक्स बांधायला मात्र दरवर्षी मीच शिडीवर चढतो. त्यावरची नावं मराठीत असतात, ती सगळी वाचता येतात मला.